हाफकट

शारजा, इंडस्ट्रियल एरिया सहा.
साडेचारला पत्रा इतका तापलेला
की हुर्जुकांनी बोनेटवर आधी ओलं फडकं टाकलं,
तापकऱ्याच्या कपाळावर टाकतात तसं,
आणि मग हात ठेवला.

'गाव कंचा तुमचा?'
चिपळूण, म्हटलं.
'मंग जवळच. आम्ही बाणकोट.'
एवढ्यावर पन्नास दिर्हम कमी झाले.
माझ्या पांढऱ्या गाडीला मागून ट्रकनं ठोकलेलं.
'तोंड शाबूत आहे,' ते म्हणाले,
'तोंड असलं की निम्मं काम झालं.'
आणि मला मागच्या अंगणात नेलं.

तिथे अर्ध्या गाड्यांची रांग.
मागून चेपलेल्यांची तोंडं,
समोरून चेपलेल्यांची बुडं,
कटरनं मधोमध कापलेली,
कापावर रंगाचे पापुद्रे, जुन्याखाली आणखी जुना.
'ही निळी घ्या. धैदच्या रस्त्यावर उंट आडवा आला हिला.
मागं ओरखडासुद्धा नाही.'

चालतात का अशा जोडलेल्या?

'दहातल्या सहा सुरूच होत नाहीत.
तीन सुरू होतात नि डावीकडं ओढतात.
एखादी मूळच्यापेक्षा बरी धावते.
का, ते मला आजतागायत कळलं नाही.'

मी काही बोलले नाही.
मंगळवारी पडद्यावर मी हेच बघत बसले होते:
खोर कल्बाच्या खारफुटीतला बोटभर मासा,
त्याच्या पेशीतलं एक जनुक,
पुढचा तुकडा आतड्याच्या खात्यातला,
मागचा कल्ल्यांच्या,
आणि मध्ये शिवण.

केव्हातरी एका जनुकानं आपला निरोप बाहेर धाडला.
कुणीतरी त्या निरोपाचीच उलटी नक्कल केली.
नक्कल घरी परत निघाली
आणि पत्ता चुकून भलत्याच्याच ओसरीत पडली.
वाटेत मधल्या मोकळ्या जागा गळून गेलेल्या,
शेपटीला नुसतं
अ अ अ अ अ अ अ
पहिल्या दिवशीच्या पाटीसारखं.

अशा नकला हजारोंनी पडतात, पडून कुजतात.
आम्ही त्यांना छद्म म्हणतो,
जणू त्यांनी कुणाला फसवलंय.
हिला मात्र आयतं तोंड मिळालं, दुसऱ्याचं,
कधी जागं व्हायचं हे ज्याला आधीच ठाऊक होतं.
आता तो मासा दुप्पट मीठ सोसतो.
ह्या जोडामुळेच, असं डॉ. शम्सींना लिहायचंय.
मी अजून लिहिलेलं नाही.

'बघू नका, डोळे जातील.'
मी पाठ फिरवली.
भिंतीवर माझी सावली
निळी पडत होती, विझत होती.
मग हातोडीचे चार ठोके, आणि हुर्जुक म्हणाले,
'कलम बसलं.'

कागद घेऊन आलेल्या अमिराती पोराला
तेवढा एक शब्द समजला.
'कलम?' म्हणत त्यानं खिशातलं पेन पुढे केलं.
हुर्जुकांनी माझ्याकडे बघितलं,
हसू आवरलं,
आणि त्याच पेनानं सही केली,
वेल्डिंगच्या काळ्या बोटांनी.

नंबर कुणाचा धरायचा?
'तोंडाचा. कागद नेहमी तोंडाचा.'
आणि मागचीचा?
त्यांनी खांदे उडवले. फडकं पिळलं.

रात्री घरी, मागच्या सीटच्या फटीत
एक खोडरबर सापडला.
कोपऱ्यावर बारीक दातांचे ठसे.
माझ्या घरात मूल नाही.
तो मी कपाटात ठेवला, का ते विचारू नका.

गाडी अजून जराशी डावीकडे ओढते.
एमिरेट्स रोडवर, ताशी शंभरच्या पुढे,
हात आपसूक उजवीकडे झुकतो.
परवा मैत्रिणीची धड गाडी चालवायला घेतली
आणि फुटपाथवर चढवली.